यात्रेतला हेलिकॉप्टर गेम: उभी स्क्रीन, आडवा टीव्ही

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातलं आठवडी बाजाराचं एक मोठं गाव. तालुक्याचं ठिकाण नाही, पण आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना बियाणं न्यायला आणि बिघडलेला टीव्ही दाखवायला इथंच यावं लागतं. पौषात इथं यात्रा भरते. बहिरमसारखी हंडी-मटणाची आणि महिनाभर चालणारी नव्हे, पाच दिवसांची. तरी आकाशपाळणा, मौत का कुआँ, कुस्त्यांची दंगल, भांड्यांची दुकानं असं सगळं असतं.

यात्रा समितीचे अध्यक्ष पन्नाशीला टेकलेले. १९९० च्या दशकात एस.टी. स्टँडजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, पत्र्याचं, आत पिवळा बल्ब. शाळा बुडवून तिथं जाणाऱ्यांत अध्यक्षही होते आणि आजच्या समितीतले निम्मे लोकही. त्या साऱ्यांच्या बोलण्यात एक गेम हमखास येतो: ‘हेलिकॉप्टरवाला’. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्या वेळी नाव वाचत कोण बसतं? नाणं टाकायचं आणि उडायचं.

यात्रेत दरवर्षी मोबाईल गेमचा एखादा तंबू लागतोच. यंदा त्याऐवजी तो जुना गेम लावा, असं समितीनं गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला सांगितलं. त्यांना आपण इथं मेकॅनिकभाऊ म्हणू. पिक्चर ट्यूबच्या काळात हात बसलेला माणूस. आता एलईडीची बॅकलाइट बदलून पोट भरतात. मी शेजारच्या तालुक्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून तांत्रिक बाजू पाहायला मला बोलावलं. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही आणि माणसांना त्यांच्या कामावरूनच ओळखायचं.

अडचण

दिवाळीत मेकॅनिकभाऊंनी दुकानाच्या ओसरीवर चाचणी घेतली. त्यांच्याकडे जुना ‘टीव्ही गेम’ होता, म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेला डबा, आणि एकात शेकडो गेम भरलेली कॅसेट. त्यात दोन हेलिकॉप्टर गेम निघाले: ‘टायगर-हेली’ आणि ‘ट्विन कोब्रा’. दोन्ही मूळचे तोआप्लान या जपानी कंपनीचे, पार्लरच्या मशीनसाठी केलेले. पहिला १९८५ चा, दुसरा १९८७ चा. घरच्या डब्यावर दोन्ही उतरवले मायक्रॉनिक्सनं, आणि या कंपनीची कामं संथ चालीसाठी जाणकारांत बदनामच आहेत.

अध्यक्षांनी पाच मिनिटं खेळून जॉयस्टिक खाली ठेवली. “हा थो गेम नोहे. हे तं पोट्ट्यायचं खेळणं झालं.”

बाकीच्यांनाही खेळायला दिलं आणि काय खटकतं ते विचारलं. तक्रारी तीनच निघाल्या, पण प्रत्येकाच्या तोंडी त्याच. पहिली, “लय हयू चालते.” दुसरी, “गोया मधातच गायब होते.” तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: “वरून येनारा दिसतच नाही, एकदम डोक्यावर येऊन पडते.”

पुढचे सगळे निर्णय या तीन तक्रारींवर झाले, म्हणून त्यांची कारणं नीट सांगतो.

हळू चालण्याचं पहिलं कारण मायक्रॉनिक्सचं काम, दुसरं आपली वीज आणि आपला टीव्ही. मूळ फॅमिकॉम सेकंदाला ६० चित्रं दाखवण्याच्या हिशेबानं बांधलेला. आपल्याकडे पाल पद्धतीचे टीव्ही, ५० चित्रांचे, आणि इथं विकले गेलेले डबेही त्यालाच जुळवलेले. ६० च्या हिशेबानं लिहिलेला गेम ५० वर चालवला की सुमारे १७ टक्के मंदावतो. पार्लरच्या मशीनला टीव्हीची पद्धत लागू नसते, कारण तिचा मॉनिटर तिच्याबरोबरच येतो. हात त्या वेगाला बसला असला की फरक लगेच जाणवतो.

गोळ्या गायब होतात ते डब्याच्या चित्र काढणाऱ्या चिपमुळे. ती हलणारे तुकडे एका वेळी ६४ सांभाळते आणि एका आडव्या ओळीत फक्त ८ दाखवते. हेलिकॉप्टर, दोन रणगाडे आणि त्यांच्या गोळ्या एका रेषेत आल्या की आठाचा कोटा संपतो. मग गेम त्यांना आळीपाळीनं दाखवतो: या चित्रात ही गोळी, पुढच्यात ती. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे लुकलुकल्यासारखं दिसतं, डोळा ते सांभाळून घेतो. पण मेकॅनिकभाऊंनी चाचणी एलईडी टीव्हीवर घेतली होती. असे बरेच टीव्ही डब्याचा साधा सिग्नल दोन अर्ध्या चित्रांचा समजून ती जोडत बसतात. त्या जोडाजोडीत एक-चित्र-आड दिसणारी गोळी पुरती पुसली जाऊ शकते. न दिसणाऱ्या गोळीनं मरण्यात कोणाला मजा येणार!

तिसऱ्या तक्रारीला यंत्राचा वेग किंवा चिप जबाबदार नाही, पडद्याचा आकार जबाबदार आहे. ‘ट्विन कोब्रा’चा मूळ मॉनिटर उभा होता: रुंदी २४० ठिपके, उंची ३२०. शत्रू वरून येतो, आपलं हेलिकॉप्टर खाली. घरचा टीव्ही आडवा. डब्याचं चित्र जास्तीत जास्त २४० ओळींचं. म्हणजे शत्रूच्या वाटेतल्या ८० ओळी कुठं तरी दाबायच्या किंवा कापायच्या.

हेलिकॉप्टर गेममध्ये उंची म्हणजे वेळ. समजा गोळी सेकंदाला १६० ओळी खाली सरकते. ३२० ओळींच्या पडद्यावर ती वरून खाली यायला दोन सेकंद लागतात. २४० ओळी असतील तर दीड सेकंद. मूळ मशीनवर बाजूला व्हायला जो वेळ मिळत होता, त्यातला चौथा हिस्सा गेला. रंग फिके असले, आवाज चिरका असला तरी माणूस विसरतो. वेळ कापला की मात्र तो गेम ‘तो’ राहत नाही. एक अक्षरही तांत्रिक न बोलता अध्यक्ष नेमकं हेच म्हणत होते.

‘थो’ गेम नेमका कोणता?

इथपर्यंत सगळे धरून चालले होते की गेम ‘ट्विन कोब्रा’च. मेकॅनिकभाऊंनी तर नागपूरहून सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या गेम-यंत्राची जुनी ‘ट्विन कोब्रा’ कॅसेटही मागवली. मेगा ड्राइव्ह त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकाचा पडून होता. १९९० च्या दशकात शॉ वॉलेसमार्फत ही यंत्रं आपल्याकडे विकली जात, त्यांपैकीच एक.

कॅसेट येईपर्यंत आम्ही जुन्या खेळणाऱ्यांशी बसून बोललो. नाव कुणाला आठवत नव्हतं, म्हणून नावाचं विचारलंच नाही. दोघं एकदम खेळायचे की एक मेला की दुसरा? गोळीचा रंग बदलायचा का? खाली जमीन सरकायची की बाजूनं? असे प्रश्न विचारले. पानठेल्यावर संध्याकाळी हा कार्यक्रम चालायचा, आणि भांडणंही व्हायची.

दोन तट पडले. एका तटाला आठवत होतं: रंगीत अक्षरं तरंगत येतात, ती लाल-निळी-हिरवी-पिवळी होत राहतात, हवा तो रंग आला की झडप घालायची. हा ‘ट्विन कोब्रा’ यात शंका नाही. शस्त्राचं चिन्ह रंग बदलत राहणं हे त्याचं ठळक वैशिष्ट्य. दुसऱ्या तटातले दोघं सख्खे चुलतभाऊ. त्यांचं म्हणणं, “आमी संगच खेयत होतो. मी वरतं, हा खालतं जीपमंधी.” त्यांना एक शत्रूही आठवत होता, जो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि डोळ्यांदेखत जोडला जाऊन मोठं हेलिकॉप्टर बनतो.

जीप आली तिथं विषय मिटला. तो ‘सिल्कवर्म’, टेक्मोचा, १९८८ चा. एक जण हेलिकॉप्टर चालवतो, दुसरा जीप. जीप उडी मारते आणि तिची तोफ वर-तिरपी वळते. तुकडे जोडून येणारं ते शत्रू हेलिकॉप्टर याच गेममधलं. आणि हा गेम बाजूला सरकतो, पडदा आडवा.

शेवटी पार्लर चालवणारे काका सापडले. आता मुलाच्या किराणा दुकानात बसतात. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: “डबे दोन होते. एकाचा काच उभा, एकाचा आडवा.” म्हणजे दोन्ही तट खरे. तीस वर्षांत दोन मशीन आठवणीत मिसळून एक झाली होती.

हा या प्रकरणातला खरा वळणाचा टप्पा. काकांना पहिल्या दिवशी विचारलं असतं तर मेगा ड्राइव्हची कॅसेट मागवलीच नसती.

पर्याय

अस्सल बोर्ड. पार्लरच्या मशीनचा मूळ सर्किट बोर्ड परदेशातून मागवायचा, त्याला जोडणीच्या वायरांचा जुडगा लावायचा, मॉनिटर जोडायचा. मेकॅनिकभाऊंचे डोळे चमकले होते. पण यात्रेतली वीज जनरेटरची, खाली-वर होणारी, आणि असा बोर्ड नेमका पाच व्होल्ट मागतो. शिवाय तो येईपर्यंत यात्रा उरकली असती. हा पर्याय एका चहात बाद झाला.

टीव्ही गेमचा डबा आहे तसा. फुकटात होता, पण चाचणीत लोकांनीच नाकारलेला. वर कॅसेट चोरीची. गल्लीत मुलं खेळली तर कुणी विचारत नाही. समितीच्या नावानं मंडप घालून ते चालवणं वेगळं.

मेगा ड्राइव्ह. कागदावर भारी. मूळ ‘ट्विन कोब्रा’चा मुख्य प्रोसेसर मोटोरोलाचा ६८०००, मेगा ड्राइव्हचाही तोच. एका ओळीत २० पर्यंत हलणारे तुकडे, म्हणजे लुकलुकणं फार कमी. प्रत्यक्षात कॅसेट लावली तेव्हा पहिल्या दोन तक्रारी जवळजवळ मिटल्या. तिसरी तशीच राहिली, कारण उंची २२४ ओळी. ३२० तून ९६ गेल्या, म्हणजे ३० टक्के. अध्यक्ष खेळले, मान हलवली. “रंग बेस. पन थो अजूनई डोक्यावरच येते.” मला हा प्रसंग फार बोलका वाटला. प्रोसेसर तोच असूनही गेम तोच झाला नाही.

याच दिवसांत समितीतल्या एका तरुणानं ‘सुपर थंडर ब्लेड’ सुचवला, हेलिकॉप्टरच्या मागून दिसणारा, १९८८ मध्ये मेगा ड्राइव्हबरोबरच बाजारात आलेला. त्याचा मूळ १९८७ चा पार्लरवाला ‘थंडर ब्लेड’ चित्रं लहान-मोठी करणाऱ्या खास हार्डवेअरवर चाले. मेगा ड्राइव्हमध्ये ती सोय नाही, त्यामुळे इमारती झटके खात जवळ येतात. शिवाय तो आपल्या पार्लरमध्ये नव्हताच. विषय तिथंच संपला.

नवी अधिकृत आवृत्ती. तोआप्लान १९९४ मध्येच बंद पडली, पण तिचे गेम पुन्हा विक्रीला आले आहेत. जपानमध्ये २०२१ साली एम-टू या कंपनीनं ‘टायगर-हेली’ आणि ‘क्यूक्योकू टायगर’ एकत्र काढले. ‘क्यूक्योकू टायगर’ हे ‘ट्विन कोब्रा’चं जपानी नाव. २०२३ मध्ये बिटवेव्हनं ‘ट्विन कोब्रा’ कॉम्प्युटरसाठी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आणला. मूळ मशीनचंच चित्र, पूर्ण ३२० ओळी, आणि पडदा उभा करण्याची सोय. अडचण परवान्याची: स्टीमवर विकत घेतलेला गेम वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी असतो.

वेगळा गेम. ‘सिल्कवर्म’ मूळचाच आडवा, २५६ बाय २२४. निन्टेंडोच्या डब्याचं चित्रही २५६ रुंद. म्हणजे इथं कापाकापीचा प्रश्नच येत नाही. जुन्या टीव्हीवर तो अंगच्या मापाचा बसतो. तो डबा ‘ट्विन कोब्रा’साठी नालायक होता, ‘सिल्कवर्म’साठी लायक. डब्याला नावं ठेवण्याआधी कोणता गेम घालतो आहोत हे पाहायला हवं, ते इथं कळलं.

प्रत्यक्ष काय केलं

दोन जागा करायच्या ठरल्या: एक उभी, एक आडवी, काकांच्या पार्लरसारखी. उभ्या जागी कॉम्प्युटरवर अधिकृत ‘ट्विन कोब्रा’, आडव्या जागी जुन्या काचेच्या टीव्हीवर ‘सिल्कवर्म’.

‘सिल्कवर्म’ची खरी कॅसेट एका संग्राहकाकडून उसनी मिळाली. ती १९९० ची अमेरिकी, तिला ७२ पिना. आपल्या डब्याच्या खाचेला ६०. मधला अडॅप्टर ऑनलाइन मागवला. डबा ५० चित्रांचाच राहिला, म्हणजे जीप थोडी सुस्त चालणार होती, पण चुलतभावांनी खेळून पाहिलं आणि हरकत घेतली नाही.

उभ्या जागेवर मात्र मेकॅनिकभाऊ अडून बसले. त्यांना काचेचा टीव्हीच हवा होता; जुना गेम जुन्या काचेवरच शोभतो, हे त्यांचं मत, आणि मलाही ते मनातून पटत होतं. त्यांनी एकवीस इंची टीव्ही कुशीवर आडवा पाडला, जुन्या ग्राफिक्स कार्डातून सिग्नल दिला. चित्र आलं, पण एका कोपऱ्यात जांभळी झाक आणि समोरच्या कोपऱ्यात हिरवट डाग. पिक्चर ट्यूबच्या काचेमागची जाळी ज्या स्थितीत बसवलेली असते ती बदलली की पृथ्वीच्या चुंबकत्वाचा तिच्यावरचा परिणाम बदलतो, आणि इलेक्ट्रॉन चुकीच्या रंगाच्या ठिपक्यावर पडायला लागतात. टीव्हीत स्वतःची डिगॉसिंग कॉईल, म्हणजे असं चुंबकत्व घालवणारी गुंडाळी, असते, पण ती थंड टीव्ही चालू करतानाच नीट काम करते. लागोपाठ बंद-चालू करून उपयोग नाही.

भाऊंनी माळ्यावरून हाताची कॉईल काढली. काचेसमोर गोल-गोल फिरवत सावकाश मागं गेले, आणि डाग बरेचसे गेले. हे काम करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते एलईडीची पट्टी बदलताना कधी दिसलं नाही.

अडचण झाक दिसण्याची नव्हती, ती गेमच्या मुळाशी जात होती. ‘ट्विन कोब्रा’त शस्त्राचं चिन्ह रंगावरूनच ओळखायचं. लाल सरळ मारा, निळा पसरणारा, हिरवा समोर एकवटलेला, पिवळा चारी दिशांना. हिरवट डागात निळा कोणता आणि हिरवा कोणता ते ओळखू येत नव्हतं, आणि ऐन गर्दीत हिरवा घेणारा फसतोच. मंडपाच्या पलीकडे ऑर्केस्ट्राच्या स्पीकरची भिंत लागणार होती; त्यातले लोहचुंबक कनातीला खेटून आले तर डाग परत यायची भीती. त्यात वीस किलोंवरचा टीव्ही कुशीवर, उष्णता जायच्या जाळ्या भलत्या बाजूला, आणि आत पंचवीस हजार व्होल्टच्या आसपासचं प्रकरण. भोवती पोरांची झुंबड. भाऊंनी स्वतःच टीव्ही सरळ केला.

मग दुकानातला बावीस इंची एलसीडी मॉनिटर उभा केला. आडवा ठेवल्यावर त्यात ‘ट्विन कोब्रा’चं चित्र जेमतेम १०.८ इंच उंच दिसत होतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. उभा केल्यावर तीच उंची १४.४ इंच झाली. अध्यक्षांना न सांगता बोलावलं. ते बसले, पहिल्या रणगाड्यांच्या रांगेपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “आता येते थो वरून.”

कंट्रोलसाठी प्लायवूडच्या खोक्यात आर्केडची जॉयस्टिक आणि बटणं बसवली, आत बटणांचे इशारे कॉम्प्युटरला पोचवणारा यूएसबी एन्कोडर. खोका सुताराकडून करून घेतला. त्यानं कडांना सनमायका लावूनच दिला, न सांगता.

एक निर्णय आवृत्तीचा होता. बाहेरच्या ‘ट्विन कोब्रा’त दोघं एकदम खेळतात आणि मेल्यावर जागच्या जागी पुन्हा उडतात. जपानी ‘क्यूक्योकू टायगर’मध्ये एकामागून एक, आणि मेलं की मागच्या टप्प्यावर परत. जपानी आवृत्तीत नवख्याचा डाव लवकर संपतो, रांग सरकते. बाहेरच्यात एका वेळी दोघं बसतात. आम्ही बाहेरचीच घेतली, पण पुन्हा नाणं टाकायची सोय बंद ठेवली: मिळालेली हेलिकॉप्टरं संपली की उठायचं.

राहिला पैशाचा प्रश्न. अध्यक्षांच्या मते दहा रुपये तिकीट, जनरेटरचा खर्च तरी निघेल. मी विरोध केला. तिकीट लावलं की तो धंदा झाला, आणि घरगुती परवान्याच्या गेमवर धंदा करता येत नाही. समितीत यावर बरीच तणातणी झाली. “यात्रेत कोन पाहाले येते” हा मुद्दा दोनदा आला. शेवटी प्रवेश फुकट ठेवला आणि डिझेलचा खर्च समितीनं उचलला. फुकट ठेवल्यानं प्रश्न पूर्ण सुटतो असं मी म्हणणार नाही, कारण जाहीर ठिकाणी लावणं ही स्वतंत्र बाब आहे. पण तिकिटापेक्षा हे बरं होतं.

यात्रेत काय झालं

पहिल्या संध्याकाळी उभ्या जागेपुढे चाळिशी-पन्नाशीची रांग आणि आडव्या जागेपुढे पोरांची. दुसऱ्या दिवशी हे उलटं झालं. जीप आणि हेलिकॉप्टर एकत्र चालवायचं म्हटल्यावर मोठी माणसं जोडीनं यायला लागली, मेहुणे-मेहुणे, व्याही-व्याही. ‘सिल्कवर्म’मध्ये एकानं वरचं सांभाळायचं आणि दुसऱ्यानं खालचं, त्यामुळे डाव हुकला की कोणाच्या चुकीनं हुकला याची चर्चा मंडपाबाहेरही चालू राहायची.

पोरांनी ‘ट्विन कोब्रा’ फार वेगळ्या पद्धतीनं खेळला. मोठ्यांना लाल गोळीशिवाय काही सुचत नव्हतं. पोरं पिवळ्याच्या मागं लागली. आणि नवव्या इयत्तेतल्या एकाला कीबोर्डवरची वेळ मागं फिरवायची सोय सापडली. नव्या आवृत्तीत ती असते. मेलो की चार सेकंद मागं, पुन्हा तेच. त्याचा डाव संपेचना. मागं रांगेतून “काहून बे, उठत काहून नाहीस?” सुरू झालं, तेव्हा कीबोर्ड काढून घ्यावा लागला. त्या पोरानं शांतपणे विचारलं, “मंग हे दिलं कायले?” त्याला उत्तर कुणाकडे नव्हतं.

तिसऱ्या रात्री जनरेटर दोनदा बसला. कॉम्प्युटरला यूपीएस होता; डबा आणि टीव्ही बंद पडून चालू झाले आणि गेम पहिल्यापासून नव्यानं सुरू. डब्याचा साधेपणा इथं कामी आला.

मेगा ड्राइव्ह एका कोपऱ्यात ठेवला होता, वाट पाहणाऱ्यांसाठी. त्याच्याकडे फारसं कोणी फिरकलं नाही. ‘ट्विन कोब्रा’ शेजारीच पूर्ण उंचीत चालू असताना कापलेला कोण खेळेल?

पार्लरवाले काका शेवटच्या दिवशी आले. दोन्ही जागा पाहिल्या, खेळले नाहीत. आमच्या काळी उभ्या डब्याचा आवाज मोठा होता, एवढं बोलले. खरं होतं; स्पीकर मॉनिटरचे होते, बारके. मेकॅनिकभाऊंनी त्याच तासात दुकानातून बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणून लावली.

भाऊंच्या पदरात थेट पैसा पडला नाही. पण मंडपावर दुकानाचं नाव होतं, आणि यात्रेनंतर माळ्यावर पडलेले टीव्ही गेमचे डबे लोक दुरुस्तीला आणू लागले. बहुतेकांत अडॅप्टर जळालेला किंवा जॉयस्टिकच्या बटणाखालचं काळं रबर झिजलेलं असतं. दोन्ही कामं भाऊंच्या हातचा मळ.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यांत आधी, वस्तू मागवण्यापूर्वी आठवण तपासायची. “कोणता गेम होता?” या प्रश्नाला माणूस काहीतरी उत्तर देतोच. “पडदा उभा की आडवा?” आणि “दोघं एकदम की पाळीपाळीनं?” या दोन प्रश्नांवर निम्मा निकाल लागतो. मशीन चालवणारा हयात असेल तर आधी त्याच्याकडे जायचं.

अशा जुन्या डब्याची चाचणी एलईडी टीव्हीवर घ्यायची नाही. दिवाळीतल्या त्या पहिल्या चाचणीत गोळ्या दिसल्या असत्या तर निदान एक तक्रार तरी कमी झाली असती, आणि बाकी दोन वेगळ्या करून पाहता आल्या असत्या. तिन्ही एकदम आल्यामुळे सुरुवातीला सगळा दोष डब्यावर गेला.

फिरत्या स्टँडवरचा मॉनिटर घ्यायचा. प्लायवूडच्या फळीला क्लॅम्पनं अडकवलेला आमचा मॉनिटर गर्दीच्या धक्क्यानं दोनदा कलला. कीबोर्ड पहिल्याच दिवशी कुलूपबंद करायचा.

परवान्याबाबत माझं मत कायम आहे: गेमच्या मालकांना आधी पत्र लिहून परवानगी मागायची. उत्तर येईल न येईल. समितीला मात्र हे फार पुस्तकी वाटतं.

आवृत्तीच्या निर्णयावर मतं अजून जुळलेली नाहीत. जपानी आवृत्ती ठेवली असती तर रांग भराभर सरकली असती हे खरं. चुलतभाऊ म्हणतात तसं, मग दोघांना एका काचेपुढे बसवायची मजा फक्त जीपवाल्या जागेवर उरली असती. पुढच्या पौषात दोन्ही आवृत्त्या दिवसाआड लावून पाहायच्या असं ठरलं आहे. डब्याच्या ऐवजी ६० चित्रांचं यंत्र मिळालं तर जीपही मूळ चालीनं धावेल. ते शोधायचं काम मेकॅनिकभाऊंनी अंगावर घेतलं आहे, आणि नाहीच मिळालं तर आहे तोच डबा लावायला त्यांची हरकत नाही.